आपण मर्यादा ओलांडली आहे

लिही गं. मी बोलते तसं उतरव, मधे शाळेतलं मराठी घुसडू नकोस. गोष्ट तुझ्या बापाची आहे, म्हणून त्याच्या बाजूने एक शब्दही वाढवायचा नाही. कमीही करायचा नाही. माझा मुलगा आहे तो, कमी करायचं ते मी करीन.

तुझ्या बापाला सगळे 'जपून' म्हणतात. हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने पाडलं. पोरं बोलायला लागतात ती आई म्हणतात, बाबा म्हणतात. हा पहिल्यांदा बोलला तो 'जपून'. मीच दिवसभर त्याच्या मागे म्हणायची ना, जपून, पडशील, जपून, भाजेल. ते त्याने उचललं आणि आमचं आम्हालाच परत द्यायला लागला. मी शेगडीपाशी उभी राहिले की मागून बारीक आवाज, जपून. तुझे आजोबा दाढीला बसले की जपून. एकदा घर रंगवायला रंगारी आला. शिडीवर चढला आणि हा खालून सुरू. जपून, जपून, जपून. तो माणूस इतका वैतागला की 'अरे गप की!' म्हणायला मागे वळला आणि रंगाच्या डब्यासकट खाली आला. लागलं काही नाही, पण डोक्यापासून पिवळा झाला बिचारा. आणि तुझा बाप भोकाड पसरून म्हणतो, 'मी सांगत होतो!'

म्हणजे बघ, सांगितलं त्याने अगदी खरं, आणि ऐकलं कुणी नाही. जन्माचं काम त्याला तिथेच लागलं म्हण ना.

मोठा झाला तरी खोड गेली नाही. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात गेला, तर खुर्चीत आडवा होऊन दातांच्या डॉक्टरणीला म्हणतो, 'जपून हं, माझा जबडा कधी कधी एकदम मिटतो.' डॉक्टरीण म्हणाली, 'काही होणार नाही.' आणि पुढच्या मिनिटाला चावला तिला. ती तुझी आई. तिने चावून घेऊन लग्न केलं त्याच्याशी, म्हणून मला त्या पोरीचं फार कौतुक आहे. पण आता घरातली गंमत बघ. एकजण दिवसभर 'काही होणार नाही' म्हणून पगार घेते, दुसरा 'होईल बरं का' म्हणून. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसतात आणि भाजीत मीठ कमी आहे यावर मात्र दोघांचं एकमत.

आता त्याचं काम सांगते. माझ्या मैत्रिणी विचारायच्या, मुलगा काय करतो? मी म्हणायची, लिफ्टच्या कंपनीत आहे. मग त्या म्हणायच्या, आमची लिफ्ट अडकते, पाठव ना त्याला. तर तसं नाही. पेटी, दोर, दारं दुसरे लोक बनवतात. तुझ्या बापाची कंपनी लिफ्टचं डोकं बनवते. कुठल्या मजल्यावर आधी जायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, हे ठरवणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक इमारतीत तळमजल्यावर भिंतीला एक छोटा पडदा लावलेला असतो. इमारतीचा सेक्रेटरी बोटाने त्यावर आकडे कमीजास्त करतो. कंपनी सांगते, दार निदान चार सेकंद उघडं ठेवा. आणि कुणी त्याच्या खाली गेलं, की पडद्यावर एक पाटी येते. ती पाटी लिहायची, हे तुझ्या बापाचं काम.

मी त्याला एकदा विचारलं, 'चारच्या खाली जायचं नाही ना? मग जाऊच देऊ नका. आकडा अडवा तिथेच.'

'आई, ती शिफारस केलेली किमान मर्यादा आहे. सक्तीची नाही.'

'म्हणजे काय रे?'

'म्हणजे आम्ही सांगायचं. ऐकायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं.'

'म्हणजे माझ्यासारखंच,' मी म्हटलं. 'मला कुणी पगार दिला नाही तो.'

आठवड्यातले काही दिवस तो घरूनच काम करतो. जेवायच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडतो, आणि त्या कॉम्प्युटरमधून सगळं ऑफिस आपल्या घरात येऊन बोलतं. मी बाजूला बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते. त्यांना मी दिसत नाही, मला सगळं ऐकू येतं. त्यामुळे त्या ऑफिसात काय चालतं हे मला तुझ्या आईपेक्षा जास्त माहीत.

तर एकदा मीटिंग भरली ती या पाटीवरच. तुझ्या बापाने पाटी लिहिली होती साधी. लाल रंगात. 'धोका! दार फार लवकर बंद होईल. माणसाला लागू शकतं.' एवढंच. मला वाटलं, यात बोलण्यासारखं काय आहे? पण ते लोक सकाळपासून बसले आणि माझ्या चादरी संपून टॉवेल सुरू झाले तरी बोलतच होते.

त्यांचे बडे साहेब म्हणाले, 'लाल नको. लाल बघून ग्राहकाला अपराधी वाटतं.'

मग रंगवाली बोलली. रंगवाली म्हणजे पडद्यावर रंग काय द्यायचा आणि अक्षर केवढं काढायचं हे ठरवणारी पोरगी, आवाज गोड आहे. ती म्हणाली, 'पिवळा करू?'

'पिवळ्यात पण जरा काळजी आहे,' बडे साहेब म्हणाले. 'आपल्याला काळजी नको. काळजीतला विश्वास हवा.'

काळजीतला विश्वास म्हणजे कुठला रंग, ते कुणालाच कळेना. शेवटी आकाशी ठरला. मग 'धोका' शब्द काढला, तिथे 'इशारा' आला. इशारा म्हणजे दम दिल्यासारखं वाटतं म्हणून 'सूचना' आली. सूचनेत शिकवणी आहे म्हणून 'माहिती' आली. नुसती माहिती रुक्ष वाटते म्हणून 'आपल्या माहितीसाठी, प्रेमाने' असं झालं. 'लागू शकतं' हे वाक्य तर कधी गेलं ते मला टॉवेल झटकताना कळलंच नाही. आणि खाली हे एवढं मोठं हिरवं बटण. त्यावर 'ठीक आहे'.

तुझा बाप मधे एकदा हळूच म्हणाला, 'पण साहेब, मग हे वाचून माणूस थांबेल का?'

'थांबावं कशाला?' साहेब म्हणाले. 'पाटी असणं महत्त्वाचं. उद्या काही झालं तर आपण सांगितलं होतं, एवढं आपल्याकडे असलं म्हणजे झालं.'

मीटिंग संपल्यावर मी तुझ्या बापाला म्हटलं, 'ही पाटी माणसासाठी आहे का कंपनीसाठी?' त्याने कॉम्प्युटर मिटवला. मग म्हणाला, 'आई, तो माझा चांगला शर्ट आहे, त्याची घडी जपून घाल.'

आता आपल्या इमारतीत काय झालं ते ऐक. म्हणजे तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला नाही.

आपल्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे घाईसाहेब. नोकरीतून निवृत्त झालेले, कुठे जायचं नाही, कुठून यायचं नाही, पण माणूस सदानकदा धावत. लिफ्टचं बटण एकदा दाबून त्यांचं समाधान होत नाही, सतार वाजवल्यासारखं वाजवत राहतात. वरच्या मजल्यावरच्यांनी कुरकुर केली की लिफ्ट यायला उशीर होतो. झालं. घाईसाहेब खाली गेले, पडद्यावर बोट फिरवलं आणि दार उघडं राहायची वेळ आणली दीड सेकंदावर. वर कागद चिकटवला, 'आपली लिफ्ट आता जलद'.

दीड सेकंद म्हणजे काय ते तुझ्यासारख्या उड्या मारणारीला कळायचं नाही. माझ्या जाऊबाईंना विचार. तुझी मोठी आजी, पाचव्या मजल्यावरची, माझ्या थोरल्या दिरांची बायको. वॉकर घेऊन चालते. आधी वॉकर पुढे ठेवायचा, मग एक पाय, मग दुसरा, मग पाठीत कळ येते ती जाऊ द्यायची. एवढ्यात ते दार तीनदा मिटेल. पहिल्याच दिवशी ती वॉकर आत ठेवते न ठेवते तोच दार येऊन धडकलं वॉकरवर. मधे काही आलं की दार परत उघडतं म्हणे. उघडतं गं, पण आधी आपटतं, आणि मग 'अरे, माणूस होतं वाटतं' म्हणून मागे सरतं. जाऊबाई पडल्या नाहीत. मी मागून धरलं. पण वॉकर तिथेच सोडून मलाच घट्ट धरून राहिल्या.

त्या दिवसापासून जाऊबाई खाली उतरायच्या बंद झाल्या. रोज संध्याकाळी आम्ही दोघी फाटकापाशी जाऊन बसायचो, येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायचो. तेवढाच तिचा दिवस. मुलगा-सून कामाला जातात, घरात बोलायला भिंती. मी बोलवायला गेले की म्हणायची, 'नको बाई. ते दार डाफरतं माझ्यावर.'

'अहो जाऊबाई, मी धरते ना तुम्हाला.'

'तू मला धरशील. दाराला कोण धरेल?'

मग खिडकीशी बसायची. पाचव्या मजल्यावरून माणसाचं नुसतं डोकं दिसतं, त्याला काय नावं ठेवणार? महिना असाच गेला असेल. जेवण कमी झालं तिचं. बोलता बोलता मधेच थांबायची. एक दिवस मला म्हणाली, 'आता मला एकदम न्यायलाच लिफ्ट लागेल.' मी तिला रागावले, पण खाली येताना जिन्यातच बसले थोडा वेळ.

तुझ्या बापाला मी सांगितलं, 'तुझी काकू चार भिंतींत बसून वाळत चालली आहे. आणि त्या दाराचं डोकं तुझ्याच कंपनीचं आहे.' त्याचा चेहरा एवढासा झाला. उठला आणि तसाच घाईसाहेबांकडे गेला. मीही गेले मागोमाग, एकट्याला पाठवलं असतं तर 'जपून' म्हणून परत आला असता.

घाईसाहेब दारातच उभे, एका पायात चप्पल. 'बोला, पटकन बोला.'

'काका, लिफ्टचं दार चार सेकंद ठेवा ना. शिफारस आहे तशी.'

'शिफारस? कुणाची शिफारस?'

'कंपनीची.'

'कंपनीत तुमचं कोण आहे?'

'मीच आहे.'

'म्हणजे स्वतःच स्वतःची शिफारस करता?' घाईसाहेबांनी दुसरी चप्पल घातली. 'हे वशिल्याचं आपल्या इमारतीत चालणार नाही हं. सगळ्यांना एकच न्याय.'

'काका, वशिला नाही हो. तुम्ही आकडा कमी केलात तेव्हा पडद्यावर पाटी आली असेल. वाचलीत का?'

'वाचली की!'

'काय लिहिलं होतं?'

'स्पष्ट लिहिलं होतं,' घाईसाहेब म्हणाले. 'ठीक आहे.'

अगं, तुझ्या बापाचं तोंड बघायला हवं होतंस. ते पत्र्याचं पिंप लाथ मारल्यावर आत जातं ना, तसं. मी त्याला हाताला धरून घरी आणला. जेवला नाही नीट. नुसतं म्हणत होता, 'बरोबर आहे त्यांचं. मोठ्या अक्षरात आम्हीच लिहिलं ठीक आहे.'

पुढे त्यांच्या ऑफिसात नवीन वारं सुटलं. बडे साहेब कुठलं तरी भाषण ऐकून आले की लोकांना लांब वाचायचा कंटाळा असतो. हुकूम निघाला. प्रत्येक पाटीवर वर एकच वाक्य, मोठं, दोन हातांवरून दिसेल असं. बाकी काय ते खाली बारीक अक्षरात. मीटिंगमधे कुणीतरी विचारलं, बारीक अक्षरात काय लिहायचं? साहेब म्हणाले, 'काहीही लिहा हो, ते कोण वाचतंय? ते मला दाखवूही नका.'

तुझ्या बापाने हे ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी उशीचा अभ्रा तोंडावर धरला.

मग त्याने बसून बारीक अक्षरातलं लिहिलं. जे त्या आकाशी पाटीत कुणी ठेवू दिलं नव्हतं, ते सगळं. बटणंही बदलली. ठीक आहे काढलं. दोन बटणं केली, एकावर ज्याने ठेवला त्याचा आकडा, म्हणजे आपल्याकडे 'दीड सेकंदच ठेवा', दुसरं 'चार सेकंद करा'. म्हणजे माणसाने काय केलं ते माणसालाच म्हणायला लावायचं. वरचं मोठं वाक्य त्याने लिहिलं, 'आपण किमान मर्यादा ओलांडली आहे.' ते गेलं रंगवालीकडे. रंगवाली म्हणाली, अक्षर एवढं मोठं काढायचं तर हे मावत नाही, एक शब्द गाळू का? तुझा बाप म्हणाला, गाळ. तिने 'किमान' गाळलं.

मला घरी वाचून दाखवलं त्याने. 'आपण मर्यादा ओलांडली आहे.'

मी म्हटलं, 'अगं बाई! कुणाला म्हणतोस हे?'

'कुणाला नाही आई. आकड्याला.'

'आकड्याला कसली मर्यादा?'

'आई, ही तांत्रिक मर्यादा आहे.'

इतकी वर्षं त्या शब्दात बुडलेला माणूस, त्याला मर्यादा म्हटलं की सेकंद दिसतात. आपल्याला काय दिसतं ते त्याच्या गावीही नाही. बडे साहेबांनी पाटी बघितली, म्हणाले, छान, सुटसुटीत. रंग तेवढा आकाशीच ठेवा. आणि ती पाटी निघाली सगळ्या इमारतींच्या लिफ्टमधे.

आपल्या इमारतीत ती आली त्याच्या आदल्या दिवशी घाईसाहेब तिसऱ्या मजल्यावरच्या बासरीवालीशी भांडले होते. ती घरी पोरांना बासरी शिकवते. हे तिच्या दारात उभे राहून ओरडले होते की ही इमारत आहे का गुरांचा कळप? पोरं रडली, तिच्या नवऱ्याने दार लावून घेतलं. अख्ख्या जिन्याने ऐकलं. घरी बायकोनेही चार शब्द सुनावले असणार, कारण सकाळी माणूस जरा पडेल दिसत होता.

अशा सकाळी घाईसाहेब खाली पडद्यापाशी गेले, नेहमीसारखं काहीतरी खुडबुड करायला. शेजारी वॉचमन, गॅसवाला, दोन बायका लिफ्टची वाट बघत. पडदा उघडला, आकडा अजून दीडवरच होता, आणि ही एवढाली अक्षरं.

वॉचमनला दुरून वाचता आलं, म्हणून त्याने वाचलं. 'साहेब, हे म्हणतंय, आपण मर्यादा ओलांडली आहे.'

गॅसवाला म्हणाला, 'कळलं वाटतं याला.'

संपलं. घाईसाहेबांच्या नाकाचा शेंडा लाल. त्यांना वाटलं बासरीवालीने कुणाला तरी सांगून हे लिहवून घेतलं. तिथल्या तिथे कंपनीला तक्रार धाडली, आणि संध्याकाळी इमारतीची सभा बोलावली. खाली अंगणात गाड्या लावतात तिथे, आपापल्या खुर्च्या घेऊन या म्हणाले. सगळे आले. एवढी माणसं पाणी बंद होतं तेव्हाही येत नाहीत. एक जाऊबाई तेवढ्या नव्हत्या.

'मी या इमारतीसाठी जिवाचं रान करतो,' घाईसाहेब सुरू झाले, 'आणि मला माझ्याच लिफ्टने मर्यादा शिकवायच्या? भर चौकात? गॅसवाल्यासमोर? कुणी लिहिलं हे? बासरीवाल्या बाई, तुम्ही?'

'मी?' बासरीवाली म्हणाली. 'मला सूर लावता येतो हो. लिफ्ट नाही लावता येत.'

तुझा बाप उठायला लागला. मी सदऱ्याला धरून खाली ओढला. तरी उठलाच. 'काका, ते मी लिहिलंय.'

'जपून, तू? तू मला मर्यादा सांगणार?'

'तुम्हाला नाही काका. दाराच्या वेळेला.'

'दाराच्या वेळेला "आपण" म्हणतोस?'

 आम्ही सगळे खाली बघायला लागलो, कुणाच्या खुर्च्या हलत होत्या हसण्याने. तेवढ्यात सेक्रेटरीणबाई, म्हणजे घाईसाहेबांची बायको, चारचौघांत कधी तोंड उघडत नाही ती माउली, मागून म्हणाली, 'एवढी वर्षं मी तेच सांगतेय. लिफ्टला एका दिवसात कळलं.'

मग मात्र सभा फुटलीच. घाईसाहेबांना काय करावं सुचेना, तर त्यांनी सकाळी मोबाइलवर पडद्याचा काढलेला फोटोच वर धरला. 'हसता काय? पुरावा आहे माझ्याकडे! हे बघा, खाली अजून काय काय बरळलंय ते वाचून दाखवतो!'

चष्मा चढवला आणि तावातावाने वाचायला लागले. 'या वेळात काठी किंवा वॉकर घेऊन चालणारा माणूस आत पोचत नाही.' इथपर्यंत आवाज मोठा होता. 'दार त्याच्यावर बंद होतं.' इथे जरा उतरला. 'तो पडला नाही, तरी पुन्हा लिफ्टने खाली यायला धजत नाही.' हे तर त्यांनी जवळजवळ मनातच वाचलं, पण सगळे गप्प झाले होते म्हणून ऐकू आलं.

बासरीवालीने विचारलं, 'पाचव्या मजल्यावरच्या आजी कुठे असतात हल्ली? फाटकापाशी दिसत नाहीत.'

'त्या लेकीकडे गेल्या ना?' घाईसाहेब म्हणाले.

'लेकीकडे जायचं तरी लिफ्टनेच जावं लागेल,' मी म्हटलं. 'वर आहेत त्या. खिडकीत बघा.'

सगळ्यांनी माना वर केल्या. जाऊबाई खिडकीत होत्याच. सगळी इमारत आपल्याकडे बघते आहे म्हटल्यावर गडबडल्या आणि पडदा ओढून घेतला.

घाईसाहेबांनी चष्मा उतरवला. खरं सांगायचं तर माणूस वाईट नाही, नुसता घाईचा आहे. तरातरा पडद्यापाशी गेले, आम्ही मागे. ती दोन बटणं दिसली. एकावर 'दीड सेकंदच ठेवा'. त्यांचं बोट त्यावर गेलं आणि मागे आलं. एवढ्या लोकांसमोर ते कोण दाबेल? मग 'चार सेकंद करा' यावर गेलं, तिथेही थांबलं.

'चार कशाला?' म्हणाले. 'मर्यादेत कसं राहतात ते दाखवतोच या लिफ्टला!' आणि आकड्याची पट्टी बोटाने जी सरकवली ती पार टोकाला. वीस सेकंद. पट्टी टोकाला टेकली की तिथे एक शब्द येतो पडद्यावर. 'कमाल'. कंपनीच्या भाषेत त्याचा अर्थ, याच्या वर जाता येत नाही.

घाईसाहेबांनी वाचलं आणि छाती फुगली त्यांची. 'बघा! आता काय म्हणतंय? कमाल! कळली ना माझी किंमत?'

टाळ्या पडल्या. वॉचमनने तर शिट्टी मारली. तुझा बाप पुढे सरकला, 'काका, कमाल म्हणजे खरं तर...' मी त्याच्या पावलावर पाऊल दिलं आणि सगळं वजन टाकलं. जन्मभर त्याला बोलू दिलं, त्या दिवशी नाही.

ऑफिसात मात्र व्हायचं ते झालं. घाईसाहेबांची तक्रार पोचली होती, आणि सभेत काय झालं ते तुझ्या बापाने स्वतःच कळवलं होतं. बडे साहेबांनी मीटिंग भरवली, मी खिडकीच्या पडद्याचं कापड शिवायला घेतलं मुद्दाम, लांबलचक.

साहेबांचा पहिलाच प्रश्न, 'ग्राहकाने पाटी वाचली कशी?'

मग त्यांनीच पुढे चालवलं.

'वरची वाचली समजू शकतो. पण खालची बारीक? ती सगळ्यांसमोर मोठ्याने? असं आजवर कधी झालं आहे का?'

रंगवाली म्हणाली, 'नाही सर. ही पहिलीच वेळ.'

'मग पुन्हा होता कामा नये.'

तुझ्या बापाने विचारलं, 'सर, पण त्यांनी वेळ वाढवली ना? लोकांना लागणं थांबलं.'

'तो वेगळा विषय,' साहेब म्हणाले. 'आपला विषय तक्रार आहे.'

त्याला लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली, कारण हे काम दुसरं कुणी मागत नाही. त्याने ती ताकीद बसून पूर्ण वाचली, आणि साहेबांना कळवलं की यातली महत्त्वाची ओळ शेवटी गेली आहे, वर घ्यायला हवी. असा आहे तुझा बाप. त्याला कुणी ताकीद दिली तरी तो तिची भाषा सुधारतो. नवीन पाटी मग साहेबांनी स्वतःच लिहिली. 'आपली निवड आम्हाला आवडली.' खाली हिरवं बटण. सगळ्या लिफ्टमधे ती गेली. आपल्या इमारतीत नाही आली, कारण घाईसाहेब आता पडद्याला कुणाला हात लावू देत नाहीत. त्यावर कमाल लिहिलेलं आहे ना.

आणि जाऊबाईंचं म्हणशील, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर गेले. 'चला.'

'नको गं.'

'एकदा चला. दार डाफरलं तर मी पुन्हा नाव काढणार नाही.'

उठल्या. केस नीट केले, चांगली शाल घेतली, मला कळलं की मनातून येणारच होत्या. लिफ्ट आली, दार उघडलं. मी नुसती पाठीमागे उभी राहिले. वॉकर पुढे. एक पाय. दुसरा पाय. पाठीतली कळ आली ती जाऊ दिली. दार आपलं उघडंच. जाऊबाई आत जाऊन वळल्या, आरशात स्वतःला बघितलं, शाल सारखी केली. मीही आत आले. दार उघडंच. वरच्या मजल्यावरून कुणी ओरडलं, 'लिफ्ट सोडा हो!' आम्ही दोघी समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या.

'बंद होत नाही वाटतं,' जाऊबाई म्हणाल्या.

'होईल.'

'बिघडलंय.'

'नाही हो. तुमच्यासाठीच ठेवलंय.'

जाऊबाईंनी जरा वाट बघितली. मग चुळबुळ केली. मग वॉकरवरचा एक हात काढला, पुढे वाकल्या, आणि दार मिटायचं ते बटण अंगठ्याने असं काही दाबलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

'एवढा वेळ कुणाला आहे गं?' म्हणाल्या. 'खाली किती लोक येऊन गेले असतील तोवर.'